पाचवा दगड

सोजराबाईच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी बसायचीच पंचाईत पडे. उंबरठ्यावर बसू नका, तिथं लक्ष्मी. जात्याला टेकू नका, तो देव. मुसळ ओलांडू नका, केरसुणीला पाय लावू नका, चुलीकडं पाठ करू नका. मग माणसानं बसावं तरी कुठं? तिचा नवरा उकंडराव पाहुण्याला हाताला धरून अंगणातल्या बाजेवर नेई आणि म्हणे, "इथं बसा जी. या बाजेत देव हाय का नाही, ते तिनं अजून सांगतलं नाही."

आतून लगेच आवाज येई, "बाजेतही हाय! तुमाले दिसत नाही, त्याले मी काय करू?"

बीबी गावाच्या रस्त्यावरचं शंभर-सव्वाशे घरांचं गाव ते. काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी. सोजराबाईला अक्षरओळख नव्हती, पोथी तिनं कधी उघडली नव्हती, पण देवाबद्दल तिला कसलीच शंका नव्हती. वरणात मीठ असतं तसा तो सगळीकडं आहे, एवढंच तिचं म्हणणं. पहाटे उठली की आधी जमिनीला हात लावून पाया पडायची, कारण दिवसभर तिच्यावर पाय द्यायचा असतो. कोथिंबीर खुडतानासुद्धा वाफ्याला "रागावू नको बाई" म्हणायची. शेंदराची वाटी तिच्या घरात कधी रिकामी नसे.

उकंडरावाचं निराळंच. त्यानं ऐन उमेदीतली अकरा वर्षं उत्तमराव देशमुखांचं वावर अर्ध्या पिकाच्या बटाईनं केलं होतं. उत्तमराव राहायचे खामगावला, त्यातही अर्धे दिवस नागपूरला, कौन्सिलच्या बैठकांना. अकरा वर्षांत ते शेतावर एकदाच आले, आणि आले ते शेजाऱ्याच्या वावरात उभे राहून म्हणाले, "वा, यंदा आपली कपाशी छान आहे!" तेव्हापासून उकंडरावाचं देवाबद्दलचं मत कायमचं ठरलं. "वावर त्याचं, यात वाद नाही," तो म्हणे. "त्यानंच लावून देल्लं. पण आता तो तिकडं अन् आपण इकडं. पाणी पडते, पीक येते, माणूस मरते, सारं आपोआप चालून राह्यलं. त्याले आपल्या वावराचा धुरा-बांध कुठं हाय तेही आठवत नसन."

असं हे घर. आणि या घरात सून आली ती तिसऱ्याच मताची.

मुलगा निवृत्ती लग्नाचा झाला तेव्हा मेहकरकडच्या इंद्रभानाची पोरगी सांगून आली. जातीची, शेतकऱ्याची, कामाची. पण घर महानुभाव पंथाचं. इंद्रभान बैठकीला आला, "दंडवत" म्हणून हात जोडले आणि सुपारी हातात घेण्याआधीच बोलला.

"इवाई, आधी सांगून ठेवतो, मागून तोंड वाकडं नको. आमी पंथाचा उपदेश घेतलेली मानसं. आमचा परमेश्वर एक, अन् तो या जगाहून वेगळा. माही सुभद्रा तुमचं शेण काढीन, दळण दळीन, वावरात राबीन. पण शेंदराच्या दगडाले हात जोडणार नाही अन् त्याचा नैवेद्य खाणार नाही."

दाराआडून सोजराबाईला राहवलं नाही. "वेगळा म्हणजे कुठं वेगळा जी? वरणातलं मीठ वेगळं काढून दाखवा बरं!"

बैठकीत बाईनं मधे बोलावं म्हणजे काय! पण इंद्रभान रागावला नाही. त्याला असल्या बोलण्याची आवडच होती. "इहीणबाई, मडकं पाह्यलं ना? कुंभारानं घडवलं. आता मडक्यात कुंभार शोधाल तं सापडन का? मडकं वेगळं, कुंभार वेगळा. कधी त्याले दया आली, तो आपण होऊन आला, त्यानं एखाद्या मडक्याले हात लावला, तं ते आपण डोक्यावर घ्यावं. पण म्हणून गावातली सारी मडकी कुंभार होत नाहीत."

"अन् कुंभार मडकं करून गाव सोडून गेला असन तं?" उकंडरावानं विचारलं.

सगळे हसले. इंद्रभानही हसला, पण लगेच गंभीर झाला. "हसा जी. पण एक ध्यानात असू द्या. माह्या पोरीच्या धर्माले या घरात धक्का लागला, तं मी भांडणार नाही. गाडी जुंपीन अन् तिले घेऊन जाईन. मंग इवाई नाही अन् इहीण नाही."

उकंडरावानं मान डोलावली. सोजराबाईनंही डोलावली, आणि त्याला कारण होतं. पोरगी पाहायला गेली तेव्हा सुभद्रा पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. वाटेत मुंग्यांची ओळ लागली. पोरीनं ती ओलांडली नाही, सगळ्या अंगणाला वळसा घालून आली. सोजराबाईला आणखी काही पाहायचंच नव्हतं.

सुभद्रा आली आणि घर भरलं. सोजराबाईच्या दोन पोरी पाळण्यातच गेलेल्या. आता उतारवयात तिला हाक मारायला कोणी मिळालं. सून कमी बोलायची, पण बोलायची तेव्हा "आत्याबाई" अशी काही म्हणायची की सोजराबाई हातातलं काम टाकून वळायची. निवृत्ती आईच्या शब्दाबाहेर नव्हता आणि बायकोच्याही नव्हता, म्हणून तो बेटा बहुतेक वेळ वावरातच असायचा.

एकच गोष्ट सोजराबाईला डाचे. सून कशालाच हात जोडत नाही. तुळशीला पाणी घालते, पण झाडाला घालावं तसं. जात्यावर बसते, पण आधी नमस्कार नाही. शेजारची अंबूबाई तोंडाची फटकळ, एकदा विहिरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काय वं सोजरे, तुह्या सुनेले देवच नाही का?"

"तिचा वेगळा हाय," सोजराबाईनं ठणकावलं.

"कुठं ठेवला मंग? आमाले तं दिसत नाही."

सोजराबाई घागर उचलून चालू पडली. अंबूबाईला गप्प करणं सोपं होतं, पण तेच तिच्याही मनात होतं. सहा महिने झाले, पोर कधी देवापुढं बसलेली दिसली नाही. देवाशिवाय माणूस जगतं तरी कसं? त्यात सुभद्राला दिवस गेले, चवथा महिना लागला, आणि सोजराबाई मनातल्या मनात तिच्या वाटचेही नमस्कार करू लागली. एक आपला, एक सुनेचा आणि एक पोटातल्याचा.

दसरा जवळ आला. घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं, भिंती पोतारायच्या, गोधड्या नाल्यावर न्यायच्या. त्यात कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशीपासून सांगून ठेवलेल्या. आणि पहिल्या वेच्याआधी वावरात पांडव बसवायची रीत. नाल्यातले पाच दगड आणायचे, मुठीत मावतील असे, गुळगुळीत. धुऊन ओळीनं मांडायचे, तेलात कालवलेला शेंदूर फासायचा, दहीभात ठेवायचा, मग बोंडाला हात लावायचा. दरसालचे पांडव नवे. काम झालं की ते वावरातच राहतात.

सुभद्राला या पूजेला न्यायचं नाही, हे ठरलेलंच होतं. म्हणून सोजराबाईनं तिला सकाळीच गोधड्यांचं गाठोडं देऊन नाल्यावर लावलं आणि स्वतः घर रिकामं करायला लागली. कोठीच्या खोलीतले कोनाडे सुपात झाडून घेतले. फडकी, चिंध्या एका बाजूला टाकल्या. निवृत्ती गोधड्यांचं दुसरं गाठोडं पोचवायला निघाला त्यात ती फडकीही धुवायला बांधून दिली. दुपार कलली तरी हात मोकळा होईना. पांडवांचे चार दगड तिनं कालच आणून ठेवले होते, पाचवा मनासारखा मिळाला नव्हता. आता पुन्हा नाल्यावर कोण जाणार? आणि तेवढ्यात सुपात, जुना अडकित्ता, दोन सुया, हळकुंडाचे तुकडे यांच्यात तिला एक दगड दिसला. काळाभोर, मऊ, हातात धरला तर हातच होऊन जावा असा.

"आता गं माय! घरातच बसून राह्यला व्हता का तू?" ती त्याला म्हणाली.

कुणीतरी टाचा घासायला आणून ठेवला असेल, असं तिला वाटलं. तिनं तो धुतला, कपाळाला लावला, वावरात नेला, आणि पाचांत देखणा म्हणून त्याला पहिला मान दिला. शेंदूरही त्यालाच जास्त लागला.

त्या संध्याकाळी सुभद्रा नाल्यावरून आली ती गप्पच होती. गोधड्या वाळत घातल्या आणि अंधार पडेपर्यंत अंगणात काढलेलं सामान उलथंपालथं करत राहिली. "काय शोधून राह्यली वं?" "काही नाही आत्याबाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांच्या भाकरी केल्या, स्वतः तुकडा मोडला नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. पाण्याचा घोट तेवढा घेतला. दुखतं का? नाही. मळमळतं का? नाही. निवृत्तीनं विचारलं, त्यालाही तेच उत्तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा चुलीपुढून उठताना भिंतीला धरून उभी राहिली, तेव्हा सोजराबाईचा धीर सुटला. त्या संध्याकाळी इंद्रभान लेकीला दसऱ्याला माहेरी न्यायला येणार होता. पोर अशी उभी दिसली तर तो काय म्हणेल? आणि तो जाऊ दे, पोटातलं काय म्हणेल? तिनं भाकरी आणि ताक सुनेपुढं ठेवलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसली.

"तुह्यासाठी खाऊ नको. पोटातल्यासाठी खाय."

"खाता येत नाही आत्याबाई."

"काऊन येत नाही? कोणी काही बोललं का? मी बोलली का?"

सुभद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती हळूहळू बोलली. तिच्या आईनं मरताना तिच्या हातात एक दगड दिला होता. पंथाचे स्वामी ज्या ओट्यावर बसले, त्या ओट्याचा तो तुकडा. पंथात त्याला विशेष म्हणतात. चार पिढ्यांच्या बायकांच्या हातांनी तो घासून मऊ झालेला. सकाळी त्याला डोकं टेकल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा तिचा नेम. दुसऱ्याच्या घरात आपला देव मांडून बसू नये, असं बापानं सांगितलं होतं, म्हणून ती रोज सगळे उठायच्या आत कोठीच्या खोलीत जाऊन यायची.

"कुठं ठेवला व्हता?" सोजराबाईनं विचारलं. 

"कोनाड्यात, फडक्यात गुंडाळून. नाल्यावर गाठोडं सोडलं तं फडकं निघालं. नुसतंच फडकं."

"केवढा व्हता?"

सुभद्रानं मूठ मिटून दाखवली.

"काळा?"

"हाव."

"मंग तवाच काऊन नाही बोलली वं?"

"बोलली असती तं कोनं नेला, कोनं नेला म्हणून घरात बोंब झाली असती. मले वाटलं, सापडन."

सोजराबाई "आलीच" म्हणून उठली. घराबाहेर आली आणि मग तिचे पाय जे सुटले ते वावराच्या वाटेलाच लागले. पन्नाशी उलटलेली बाई, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. सहा महिने आपण हिला देव नाही म्हणून झुरलो, आणि हिचा देव आपल्याच कोनाड्यात होता! बरं, सगळीकडं देव दिसतो म्हणून आपण मिरवतो, आणि तो हातात येऊन बसला तर आपण त्याला टाच घासायचा दगड म्हणालो. तिला इतकी लाज वाटली की वाटेत भेटलेल्या अंबूबाईला तिनं ओळखही दिली नाही.

वावरात पाहते तर पांडव जागेवर नव्हते. दहीभातासाठी कुत्री आली असणार. दोन दगड धुऱ्याजवळ, एक कपाशीच्या बुडाशी, दोन चाटून-लोळवून पार दोन ओळींमधल्या तासात. पाचही शेंदरानं सारखे लाल, वर माती बसलेली. पहिला कोणता आणि पाचवा कोणता, आता कोण सांगणार? वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून पाहायला लागल्या. तिनं पाचही ओच्यात घेतले आणि विहिरीकडं आली.

उकंडराव मोट धरून होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं बैल थांबवले, पाच दगड पाहिले, डोकं खाजवलं.

"अवं, यात रडाचं काय? नाल्यावर जाय, तसाच एक काळा दगड घे, फडक्यात बांध, कोनाड्यामागं सापडला म्हण. पोरगी जेवीन, इवाई खूश. दगड तो दगड."

 खरं तर उत्तर तिच्याच मताचं होतं. सगळ्या दगडांत देव आहे ना? मग नाल्यातल्या दगडात नाही का? आहेच की! मग अडचण कुठं आली? आणि मग तिला एकदम संताप आला.

"तुमचा देव खामगावले जाऊन बसला, त्याले काही दिसत नाही. माहा इथं हाय. पोरगी उद्या पहाटे त्या खोट्या दगडाले डोकं टेकन, तवा तो मलेच पाहीन ना? अन् तिची माय मेली हो, मरताना देल्लं तिनं!"

"मंग काय करतं?"

"घासतो."

आणि ती घासायला बसली. मोटेचं पाणी पडतं त्या थाळ्याजवळ, पाय पसरून. तेलातला शेंदूर दोन दिवस उन्हात वाळलेला. तो का पाण्यानं निघतो? आधी गोडं तेल चोळलं, मग राख, मग रिठ्याचं पाणी, मग बारीक वाळू. एक झाला की दुसरा. आधी वाटलं, धुतल्यावर आपल्याला ओळखू येईल. पण दगडांच्या बारीक भोकांत लाली शिरून बसली होती, आणि पाचही काळेलाल, पाचही गुळगुळीत. तिनं नाल्यातले चार निवडून निवडून चांगले आणले होते, तेच आता अंगाशी आलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून घासायला लागली. दिवस कलता झाला तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन नखं उलली होती आणि बोटांची टोकं सोलून निघाली होती. उकंडराव मधे दोनदा येऊन "बस कर वं आता" म्हणून गेला.  तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं मोटेचं ताजं पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं आणि शेजारी बसून राहिला.

ती घरी पोचली तेव्हा इंद्रभानाची गाडी अंगणात सुटलेली होती. बैलांपुढं कडबा पडलेला, इंद्रभान बाजेवर, आणि सुभद्रा दाराशी भिंतीला टेकून उभी. पोरीच्या चेहऱ्यावरून बापाला काय कळायचं ते कळलं होतं.

"पोरगी दोन दिवस उपाशी हाय, इहीणबाई," तो म्हणाला. "मले कारण सांगत नाही. तुमी सांगा."

सोजराबाईनं पदर सोडला आणि पाचही दगड ओसरीवर धुतलेल्या पाटावर ठेवले. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सूप सांगितलं, शेंदूर सांगितला, कुत्री सांगितली. पहिला मान त्यालाच दिला होता हेही सांगितलं.

"म्या केलं जी. चुकून केलं, पण म्याच केलं. आता यातला कोणता तो तुमी ओळखा, अन् माह्या सुनेले दोन घास खाऊ द्या. मंग काय बोलाचं ते मले बोला."

इंद्रभान पाटापुढं बसला. त्यानं एकेक दगड हातात घेतला, उलटासुलटा केला, उजेडाकडं धरला. सुभद्राच्या लग्नाआधी वीस वर्षं तो दगड त्याच्या घरात होता, पण तो बायकोकडचा. बायकोनं पुजला, मग लेकीनं. पाचवा दगड त्यानं खाली ठेवला.

"मले नाही सांगता येत," शेवटी तो म्हणाला.

"तुमाले नाही येत?" उकंडरावाला खरंच आश्चर्य वाटलं.

"कसं येईन इवाई? दगड तं दगडासारखाच राहते. त्यात काही शिरत नाही, त्यातून काही निघत नाही. त्यानं हात लावला, एवढंच त्याचं मोठेपण. अन् हात लावल्याची खूण दगडावर उमटत नाही." हे बोलताना तो एखादा अवघड हिशेब चुकल्यासारखा दिसत होता. मग तो उठला आणि पागोटं सारखं केलं. "तुमी जाणून केलं नाही, हे मले समजते. पण मी बैठकीत बोललो व्हतो. सुभद्रे, लुगडी बांध. चाल."

 सोजराबाई ओसरीवरच खाली बसली. निवृत्ती गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. पोर गेली. पोटातल्यासकट गेली. आणि कोणाच्या हातानं गेली, तर ज्या हातानं आपण उठल्याबरोबर जमिनीलासुद्धा नमस्कार करतो, त्याच हातानं!

सुभद्रा पुढं आली. घराकडं नाही, पाटाकडं. ती पाटापुढं बसली आणि तिनं दगडांवरून हात फिरवला, एकावरून, दुसऱ्यावरून, सगळ्यांवरून. मग तिची नजर सासूच्या हातांवर गेली. सोलून निघालेली बोटं सोजराबाईनं मांडीवर तशीच उघडी टाकलेली होती. सुभद्रा ती बोटं पाहत राहिली. मग तिनं पाचही दगड जवळजवळ सरकवून एका ओळीत लावले, पदर डोक्यावर घेतला, आणि एकेकावर डोकं टेकवत गेली. पाचांवरही.

"सुभद्रे!" इंद्रभान ओरडला. "त्यातले चार नाल्यातले हायत!"

"हाव दादा. चार दगडांले डोकं टेकलं, त्याचं जे काही असन ते मी भोगीन. एकाले टेकाचं राह्यलं असतं, तं ते कोनं भोगलं असतं?"

 इंद्रभान वाद घालायला बसला असता तर रात्र घालवली असती त्यानं, पण पोरगी उठून सरळ चुलीकडं गेली होती. सकाळची भाकरी टोपल्यात होती, ताक गाडग्यात होतं. ती तिथंच बसली आणि खायला लागली. भुकेलं माणूस खातं तसं खायला लागली. ओसरीवर चार माणसं बसून एका पोरीचं भाकरी चावणं ऐकत होती.

"आत्याबाई," आतून आवाज आला, "मीठ देता का?"

सोजराबाई उठली. बोटांना मीठ झोंबलं तशी ती हसली, आणि हसता हसता रडली.

इंद्रभान दुसऱ्या दिवशी लेकीला माहेरी घेऊन गेला, पण दसऱ्यापुरतीच. जाताना सोजराबाईपुढं हात जोडून "दंडवत" म्हणाला आणि तिच्या बोटांकडं पाहून थोडा थांबला. "एरंडेल लावा," म्हणाला. गाडीत बसल्यावर उकंडरावाला म्हणाला, "इवाई, तुमचा गाव सोडून गेलेला देव वापस येते की नाही मले ठाऊक नाही, पण तुमची घरवाली भेटली तं त्याले बरं वाटन."

सुभद्रा आठव्या दिवशी परत आली. पाचही दगड कोनाड्यात गेले, आता उघड्यावर, स्वच्छ फडक्यावर. सोजराबाईनं त्यांना कधी शेंदराचा ठिपकासुद्धा लावला नाही. घरातल्या मुसळापासून बाजेपर्यंत सगळ्यांना बोट लागे, या पाचांना नाही. अंबूबाई येऊन पाहून गेली आणि गावात सांगत सुटली की सोजराच्या सुनेले एक नाही, पाच देव हायत.

दिवाळी झाली. एका सकाळी दोघी चुलीपुढं होत्या. सुभद्राचं पोट आता दिसायला लागलं होतं. सोजराबाई पीठ मळत म्हणाली, "एक इचारू का वं? तुह्या दादापुढं इचारलं नाही. तुले खरंच ओळखू आला नाही?"

सुभद्रानं जाळ पुढं सारला. 

"आला व्हता."

सोजराबाईचा हात पिठातच थांबला.

"हात फिरवला तवाच आला. त्याले एका अंगानं खळगी हाय, मायच्या अंगठ्याची. माहा अंगठा बरोबर बसते तिथं."

"मंग पाचांवर काऊन टेकलं वं पोरी? तुह्या धर्मात बसत नाही ते!"

"नमस्कार एकालेच केला, आत्याबाई. त्याले केला." ती खाली पाहत होती. "बाकीचे चार तुमी घासले व्हते. एक उचलून घेतला असता, तं ते चार तुमच्यापुढं नुसतेच पडून राह्यले असते."

सोजराबाईनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि कोठीच्या खोलीत गेली. कोनाड्यापुढं उभी राहून तिनं पाचही दगड एकेक करून हातात घेतले आणि अंगठ्यानं चाचपले. पहिला, दुसरा, तिसरा. नीट, सावकाश, डोळे मिटून. नवी कातडी आलेल्या अंगठ्याला आता काय लागावं! तिला पाचांतही खळगी लागली.

"सापडली का?" सुभद्रानं चुलीवरून विचारलं.

"हाव वं," सोजराबाई म्हणाली. "हाय खरी." आणि भाकरी थापायला येऊन बसली.